हेडाऊंचा उजवा हात

मे महिना, रात्रीचे अकरा.
भिंतींतून अजून दुपारच बाहेर येते आहे.
दोन कुलरपैकी एक नुसता आवाज करतो.
खाट नऊ : दौलत सोमाजी हेडाऊ, अडुसष्ट, राहणार गोळीबार चौक.
कुलरला वाळ्याचे ताटे बांधायला स्टुलावर चढले
आणि डोक्यावर पडले.

दर तासाला मी तेच विचारते.
नाव काय?
"दौलत."
कोणत्या गावात आहो आपण?
"नागपूरच नं. आनखी कोठी?"
आणि ही जागा कोणती?
"माग."
माग नाही बाबाजी, मेडिकल. दवाखाना.
"हो का," म्हणतात, माझं मन राखायला.
पुढच्या तासाला पुन्हा माग.

बोलण्याच्या रकान्यात मी चार लिहिते.
चार म्हणजे गोंधळलेला.
डोळे आपणहून उघडतात, चार. सांगितलेलं ऐकतात, सहा.
बोटं दाबा म्हटलं की उजवा दाबतो.
डावा पडून असतो,
शेजारच्या खाटेवरचा चुकून इकडे आल्यासारखा.

उजव्याला काम नसलं की तो चादरीवर सुरू होतो.
चिमटीत काहीतरी धरतो,
ओठांपाशी नेऊन ओलं करतो,
अंगठ्यावर तर्जनी घासत वळ देतो,
खाली ठेवतो.
मग पुढचं.
समिधा उइके, शिकाऊ, विचारते : हात बांधू का सिस्टर?
सलाईन उपसतील.
मी नको म्हणते. सुईवर जास्तीचं बँडेज गुंडाळते.

दाराशी बाकावर चंद्रभागाबाई.
"तुटले धागे जोडून राहिले ते," त्या म्हणतात,
"चाळीस वर्षं तेच केलं न.
गाठ नाई मारत. गाठ बोटाले लागते, मंग लुगड्यात दिसते.
नुसता वळ देते."
माग कुठे आहे आता?
"भंगारात देला. किलोच्या भावानं."

त्यानंतर मी मोजू लागले.
का, ते सांगता येणार नाही.
एक वाजता मिनिटाला नऊ धागे. दोनला सात. तीनला चार.
बाकी सगळं तेच : चार, चार, सहा.
धाग्यांना रकाना नाही, म्हणून समासात, पेन्सिलने.

साडेतीनला हात थांबला.
"झोपले वाटते," समिधा म्हणाली, "बरं झालं."
अजनीकडे एक इंजिन डबे ढकलत होतं.
वॉर्ड इतका निवांत की मीही खुर्चीवर टेकले असते.
पंधरा वर्षांपूर्वी टेकले होते.
खाट चार, वीस वर्षांचा मुलगा,
झोपू दे गं त्याला, असं मीच म्हटलं होतं.

नाव काय?
नाव काय, बाबाजी?
खांद्याचा स्नायू चिमटीत धरून पिळला.
डोळे मिटलेलेच. घशात एक हुंकार.
उजवा हात तेवढा वर आला आणि माझी चिमूट हुडकू लागला.
पापणी उचलून बॅटरी मारली.
डावी बाहुली आकसली.
उजवी मोठी, तशीच उघडी,
कोणी दार लोटायचं विसरून गेलेल्या घरासारखी.
नाडी बावन्न. वरचा दाब एकशे नव्वद.

उशाकडून खाट वर. मान सरळ. ऑक्सिजन.
फोनवर डॉक्टर झोपेतच : किती?
आठ, मी म्हटलं, अर्ध्या तासापूर्वी चौदा. उजवी बाहुली मोठी आहे.
"आलो."

ट्रॉलीचं एक चाक नेहमीसारखं आडवं चालत होतं.
चंद्रभागाबाई मागून धावल्या,
हातात त्यांच्या चपला घेऊन.

सात वाजता ओटीबाहेरचा दिवा लालच होता.
दिवसाच्या सिस्टर, रंगारी मॅडम, तक्ता बघत म्हणाल्या :
समासात हे काय? नऊ, सात, चार, शून्य?
धागे, मी म्हटलं.
"टाके?"
नाही. धागे.
त्या ड्रॉवरमध्ये खोडरबर शोधू लागल्या.
मी म्हटलं, राहू द्या.